एकट्या माणसाला ‘दे’ म्हणायचं का?

पत्र:

मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डॉक्युमेंटेशनचं काम पाहते. ग्राहकांसाठीची मॅन्युअल्स, आतली परिपत्रकं, सगळं इंग्रजीत. शाळा मराठी माध्यमाची, पण आमच्या सरांनी रेन अँड मार्टिनमधून व्याकरण असं घोटून घेतलं की आजही चूक दिसली की हात शिवशिवतात. मागच्या महिन्यात एका ज्युनिअर मुलीनं रजेच्या नियमांत ‘ईच एम्प्लॉयी मस्ट इन्फॉर्म देअर मॅनेजर’ असं लिहिलं. ‘ईच’ एकवचनी, म्हणून मी ‘देअर’ खोडून ‘हिज’ केलं. ती म्हणाली, ‘मॅडम, आपल्याकडे निम्म्या तर बायकाच आहेत. आणि हल्ली देअर चालतं.’ मी विषय वाढवला नाही, पण पटलंही नाही.

त्यात अमेरिकेतल्या क्लायंटकडे एक नवीन व्यक्ती आलीय. मेलच्या खाली नावापुढे ‘दे/देम’ लिहिलेलं असतं. कॉलवर मी इतकी अडखळते की दर वाक्यात नावच घेते. आमचे मॅनेजर नंतर हसतात, ‘ते एकटे आहेत की टोळी?’ आणि आपसात मराठीत बोलताना ‘आला’ म्हणायचं की ‘आली’? घरी मुलगी दहावीला आहे, तिला काय शिकवू? हे सगळं फॅड आहे, की आम्ही शिकलो तेच चूक होतं?

– नाव छापू नये, पुणे

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ते सोडवून घेतले की निम्मी डोकेदुखी जाईल. रजेच्या नियमातला ‘एम्प्लॉयी’ कोण आहे हे आपल्याला ठाऊकच नाही. तो कुणीही असू शकतो. क्लायंटकडची व्यक्ती मात्र तुम्हाला पक्की ठाऊक आहे, नावानिशी, आवाजानिशी. पहिला प्रश्न व्याकरणाचा आणि शैलीचा, दुसरा माणसाला कसं संबोधायचं याचा. शब्द एकच असला तरी दोन्हीकडे एकच नियम लावायला गेलात तर गोंधळ होणारच.

आधी ज्युनिअर मुलीचं ‘देअर’ घेऊ. तिनं ते ‘हल्ली चालतं’ म्हणून सांगितलं, तिथे ती थोडी कमी पडली. ते फार पूर्वीपासून चालत आलंय. ऑक्सफर्डच्या शब्दकोशानं एकवचनी ‘दे’चा लिखित दाखला साधारण १३७५ सालापर्यंत मागे नेला आहे. शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये एक पात्र नवलानं म्हणतं की रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस जुनी ओळख असल्यासारखा मला नमस्कार करतो. त्या वाक्यात ‘नॉट अ मॅन’ असं चक्क पुरुषवाचक एकवचन आहे आणि पुढे सर्वनाम येतं ‘देअर’. पुरुष की स्त्री हा प्रश्न तिथे नाहीच. ‘एकूण एक जण’ म्हटलं की शब्द एकवचनी असला तरी डोळ्यांसमोर अनेक जण उभे राहतात, आणि इंग्रजी माणसाची जीभ आपोआप ‘देअर’कडे वळते. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतही हे सर्रास आढळतं. तिचं इंग्रजी कच्चं होतं असं तुमचे सरही म्हणाले नसते.

मग ‘ईच’नंतर ‘हिज’च, हा नियम आला कुठून? अठराव्या शतकातल्या शालेय व्याकरणांतून. त्या काळी इंग्लंडात लॅटिनच्या साच्यावर इंग्रजीला बसवायचा उद्योग जोरात होता. सर्वनामानं लिंग आणि वचन दोन्हींत नामाशी जुळलं पाहिजे असा आग्रह धरला गेला. ‘दे’ घेतलं तर वचन चुकतं, ‘ही’ घेतलं तर लिंग चुकतं. व्याकरणकारांनी वचन वाचवलं आणि लिंगाच्या चुकीला ‘पुल्लिंगात सगळे येतात’ असं म्हणून माफी दिली. हे सुरुवातीच्या काळात पुस्तकात नोंदवणाऱ्यांमध्ये अ‍ॅन फिशर ही न्यूकासलची शिक्षिका होती, म्हणजे खुद्द एक बाईच. त्यामुळे याला कुणा पुरुषांचा कट म्हणता येणार नाही. पण निवड होती एवढं खरं, आणि ती निवड आपल्यापर्यंत निसर्गनियम असल्यासारखी येऊन पोहोचली.

आपल्याकडे ती आली कायद्याच्या वाटेनंही. ब्रिटिश पार्लमेंटनं १८५० साली ठरवून टाकलं की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया धरायच्या. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचं आठवं कलम हेच सांगत होतं: ‘ही’ हे सर्वनाम पुरुष असो वा स्त्री, कुणाही व्यक्तीसाठी वापरलं आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं तेरावं कलमही तेच. दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिनंही ‘ही’ सोडलं नाही. फक्त व्याख्येत भर पडली: पुरुष, स्त्री किंवा ट्रान्सजेंडर.

तेव्हा तुमचं ‘हिज’ हे काही गुन्ह्यात जमा नाही, देशाचा फौजदारी कायदा तुमच्या बाजूनं उभा आहे! पण जरा बारकाईनं बघा. कायद्याला त्यासाठी वेगळं कलम लिहावं लागलं. ‘ही’ म्हटल्यावर सगळे आपोआप डोळ्यांसमोर येत असते, तर १८५० पासून आजपर्यंत दर वेळी ते लिहून ठेवायची गरज पडली नसती. तुमच्या रजेच्या परिपत्रकाला असं व्याख्येचं कलम नाही. त्यात मातृत्व रजेचा परिच्छेद असेल आणि तिथेही ‘हिज मॅनेजर’ राहिलं असेल, तर वाचून बघा एकदा. म्हणून ज्युनिअरचं ‘देअर’ तसंच ठेवा. आणि तुम्ही बदललं होतं ते पुन्हा पूर्ववत केलं, असं तिला सांगाही.

आता तुमचा खरा आक्षेप, वचनाचा. एका माणसाला अनेकवचन कसं लावायचं? हा प्रश्न मराठी माणसानं विचारावा याची मला गंमत वाटते. ‘सर आले आहेत’ म्हणताना आपण कधी दारात किती सर उभे आहेत हे मोजत नाही. मी या पत्रात तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणतोय, तुम्ही एकट्याच आहात. इंग्रजीतही ‘यू’ हे मुळात अनेकवचन. एकासाठी ‘दाऊ’ होतं. आदरापोटी एकालाही ‘यू’ म्हणू लागले आणि हळूहळू ‘दाऊ’ मागे पडलं. तेव्हाही लोक चिडले होते. क्वेकर पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स यानं १६६० साली एकवचन-अनेकवचनाचा फरक मास्तरांना शिकवायला एक अख्खं पुस्तक काढलं, कारण त्याच्या मते एका माणसाला ‘यू’ म्हणणं अशुद्ध तर होतंच, वर थोरामोठ्यांची खुशामतही होती. पुस्तक राहिलं, ‘दाऊ’ गेलं. आज ‘यू आर’ म्हणताना कुणालाच काही खटकत नाही.

इथूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते आणि ती तुमच्या कामाची आहे. एकट्या माणसासाठी वापरलं तरी ‘दे’चं क्रियापद बदलत नाही. ‘यू आर’ तसंच ‘दे आर’. ‘दे इज’, ‘दे हॅज’ हे चूक, कितीही तर्कशुद्ध वाटलं तरी. नाम मात्र एकवचनीच राहतं आणि त्याचं क्रियापदही. ‘समवन हॅज लेफ्ट देअर टिफिन इन द पँट्री’ यात ‘समवन’ला ‘हॅज’ आणि पुढे ‘देअर’. दोन्ही एका वाक्यात सुखानं नांदतात. तुमच्या ऑफिसात असा मेल आला तर तो तुम्ही वाचताना अडखळणारही नाही. किंबहुना तुम्ही स्वतः असं बोलत असणार, फक्त लिहिताना सर आठवतात. ‘देमसेल्व्हज’ की ‘देमसेल्फ’ यावर मात्र अजून एकमत नाही. छापील मजकुरात वाक्य फिरवून ते टाळलेलं बरं.

तुम्ही मॅन्युअल्स लिहिता, म्हणून शैलीपुस्तिकांचंही सांगतो. त्या बराच काळ या बाबतीत कुरकुरत होत्या. वृत्तसंस्थांची एपी स्टाइलबुक २०१७ साली थोडी सैल झाली, तेही ‘वाक्य फिरवता येत नसेल तरच’ अशा अटीवर. मेरियम-वेब्स्टरनं सप्टेंबर २०१९ मध्ये स्वतःला स्त्री वा पुरुष न म्हणवणाऱ्या व्यक्तीसाठीचं ‘दे’ कोशात घेतलं. त्याच वर्षी एपीए, म्हणजे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पुस्तिकेच्या सातव्या आवृत्तीनं एकवचनी ‘दे’ वापरा असं स्पष्टच सांगितलं. शिकागो मॅन्युअल सगळ्यात हट्टी. २०१७ च्या आवृत्तीत औपचारिक लेखनात अनोळखी व्यक्तीसाठी ‘दे’ नको म्हणत होतं, २०२४ च्या आवृत्तीत तेही वळलं. तुमच्या क्षेत्रातली मायक्रोसॉफ्टची शैलीपुस्तिका तर ‘ही/शी’ असं तिरपी रेघ मारून लिहूच नका म्हणते. तुमच्या क्लायंटची स्वतःची पुस्तिका असेल तर ती मागवून घ्या. नसेल तर यातली एक धरा आणि सगळ्या टीमनं तीच वापरा. एका पानावर ‘हिज’, दुसऱ्यावर ‘हिज/हर’, तिसऱ्यावर ‘देअर’ हे सगळ्यात वाईट.

पण ‘देअर’ चालतं म्हणून ते सगळीकडे पेरायचं असंही नाही. एक नमुना देतो, हाऊसिंग सोसायटीच्या नोटिशीतला वाटेल असा: ‘इफ अ टेनंट हॅज अ डिस्प्यूट विथ द ओनर, दे मस्ट इन्फॉर्म द सोसायटी.’ कळवायचं कुणी? भाडेकरूनं, मालकानं, की दोघांनी मिळून? इथे भांडण आधीच लागलंय आणि नोटिशीनं दुसरं लावून दिलं. अशा ठिकाणी सर्वनामाचा मोह सोडा आणि ‘द टेनंट’ हा शब्द पुन्हा लिहा. नाम दोनदा आलं म्हणून इंग्रजी बिघडत नाही. नियम, करार, सूचना यांत तर ते दहादा आलं तरी चालेल.

तुमच्या रजेच्या वाक्यालाही तिसरी वाट आहेच. ‘ऑल एम्प्लॉयीज मस्ट इन्फॉर्म देअर मॅनेजर्स’ केलं की तुमचं व्याकरणही सांभाळलं जातं आणि तिचा मुद्दाही. ‘यू मस्ट इन्फॉर्म युअर मॅनेजर’ त्याहून सरळ. सूचना द्यायच्या मजकुरात मला तरी हेच आवडतं, वाचणाऱ्याला हे आपल्यासाठी आहे हे चटकन कळतं. काही जण ‘ही ऑर शी’ दर वाक्यात लिहितात. एकदा ठीक. एका परिच्छेदात चौथ्यांदा आलं की वाचणारा कंटाळतो. आणि नवं सर्वनामच घडवायचे प्रयत्नही झालेत बरं का. अमेरिकेतल्या चार्ल्स कॉन्व्हर्स नावाच्या गृहस्थांनी १८८४ साली ‘दॅट’ आणि ‘वन’ जोडून ‘थॉन’ असा शब्द सुचवला. १९३४ मध्ये तो वेब्स्टरच्या मोठ्या कोशात गेला आणि १९६१ च्या आवृत्तीतून गळला, कारण कुणी वापरतच नव्हतं. कोशात छापून सर्वनाम रुळत नाही. ‘दे’ टिकलं, कारण ते आधीपासूनच लोकांच्या तोंडात होतं.

आता क्लायंटकडच्या व्यक्तीविषयी. तिला आपण सोयीसाठी सॅम म्हणू.

सहीखाली ‘दे/देम’ लिहिणं म्हणजे सॅमनी तुम्हाला सांगितलंय की माझ्याविषयी बोलताना हे शब्द वापरा. इथे व्याकरणाचं पुस्तक उघडायचं कारण नाही. कुणी म्हणालं, मला ‘मिसेस कुलकर्णी’ नको, माहेरच्या नावानंच हाक मारा, तर आपण कारण न विचारता तसं करतो. सॅमना कारण विचारू नका, त्यांच्या शरीराविषयी किंवा घराविषयी अंदाज बांधू नका. तुमचं त्यांच्याशी काम आहे आणि त्या कामापुरते दोन शब्द त्यांनी तुम्हाला आपणहून सांगितले आहेत, तेवढं पुरे.

अडखळण्यावर उपाय सरावाचा. कॉलच्या आधी दोन-तीन वाक्यं मोठ्यांदा म्हणून बघा: ‘सॅम हॅज सेंट द फाइल. दे वॉन्ट द चेंजेस बाय फ्रायडे. आय विल कॉल देम.’ नाव आलं की ‘हॅज’, ‘दे’ आलं की अनेकवचनी क्रियापद, ही सांगड एकदा जिभेवर बसली की झालं. तोंडून ‘शी’ निघून गेलंच तर ‘सॉरी, दे’ म्हणा आणि पुढचं वाक्य बोला. लांबलचक माफी मागू नका. ती मागितली की समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं आणि मीटिंग बाजूला राहते. आत्ता तुम्ही दर वाक्यात नाव घेता ते उद्धट नाही, थोडं कानाला टोचतं इतकंच. सराव होईपर्यंत चालू द्या.

आणि एक. सहीखाली सर्वनाम लिहिणारे सगळेच ‘दे’वाले नसतात. बरेच जण ‘शी/हर’ किंवा ‘ही/हिम’ असंच लिहितात, निव्वळ माहितीसाठी. याचा फायदा आपल्यालाच जास्त आहे. शिकागोत बसलेल्या माणसाला ‘किरण’ बाई की बुवा हे कसं कळणार? ‘सुहास’चं तेच. तुमच्या टीममधल्या एखाद्या किरणताईला अमेरिकेतून ‘मिस्टर’ म्हणून मेल येतच असतील. उलट बाजूनं आपल्यालाही ‘टेलर’ किंवा ‘जॉर्डन’ वाचून काही उमगत नाही. खात्री होईपर्यंत ‘दे’ लिहिणं, हा सगळ्यात कमी धोक्याचा मार्ग. मात्र एकदा कळलं की समोरचा स्वतःला ‘ही’ म्हणवतो, तर त्याला ‘ही’च म्हणा. पुरोगामी दिसण्यासाठी सरसकट सगळ्यांना ‘दे’ करून टाकणं मला पटत नाही. माणसानं सांगितलेलं न ऐकण्याचाच तोही एक प्रकार आहे.

तुमच्या मॅनेजरांच्या टोळीच्या विनोदाचं काय करायचं? हसू नका, भांडूही नका. पुढच्या वेळी शांतपणे म्हणा, ‘साहेब, तुमच्या मागे आम्ही तुम्हालाही तेच म्हणतो. तुम्हीही एकटेच असता.’ बहुधा विनोद तिथेच मिटेल. नाही मिटला तर एकांतात सांगा की कधीतरी कॉल म्यूट करायचा राहील आणि क्लायंटकडे कुणाला तरी मराठी येत असेल. न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत आपली माणसं बसली आहेत. हा धोका काल्पनिक नाही.

मराठीतली अडचण मात्र खरी आहे, इंग्रजीपेक्षा मोठी. आपल्याकडे सर्वनाम टाळलं तरी क्रियापद चुगली करतं: आला, आली, जातो, जाते. तरी भाषेनं काही पळवाटा ठेवल्यात. तुम्ही स्वतःच पत्रात ‘एक नवीन व्यक्ती आलीय’ लिहून त्यातली एक वापरलीत. ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी शब्द, पण तो कुणालाही लागतो. मीही वर ‘तिला सॅम म्हणू’ लिहिलं ते त्या ‘व्यक्ती’ला धरूनच. दुसरी वाट आदरार्थी बहुवचनाची. ‘सॅम म्हणतात’, ‘सॅम उद्या कळवतील’, ‘सॅमना विचारू’ यांत कुठेच लिंग दिसत नाही. ‘सॅमनी फाइल पाठवली’ यातही नाही, कारण क्रियापद फाइलीच्या मागे जातं, सॅमच्या नाही. पेच येतो तो ‘आले की आल्या’ अशा जागी. तिथे ‘आले’ म्हणा. ‘आई-बाबा आले’ म्हणताना आपण ते रूप स्त्री-पुरुष दोघांना मिळून वापरतोच.

एक मात्र चुकूनही करू नका. तिसरं लिंग आपल्याकडे आहे म्हणून मोठ्या माणसाला ‘ते आलं’, ‘ते म्हणालं’ असं नपुंसकलिंगी एकवचन लावू नका. लहान पोराला लाडानं ते शोभतं. मोठ्या माणसाला लावलं की त्यातला तुच्छतेचा सूर कुणालाही ऐकू येतो. उद्या तुमच्याच ऑफिसात मराठी बोलणारं कुणी असं स्त्री-पुरुषाच्या चौकटीत न बसणारं भेटलं, तर कोणती रूपं आवडतील ते त्यांनाच विचारा. मराठीत स्वतःविषयी बोलतानाही ‘मी जातो’ की ‘मी जाते’ हे ठरवावं लागतं, तेव्हा त्यांनी ते केव्हाच ठरवलेलं असेल. ते आधी नीट ऐका, मग विचारायचीही गरज पडणार नाही.

राहिली मुलगी. दहावीच्या उत्तरपत्रिकेत तिला व्याकरणाची क्रांती करायला लावू नका. तिच्या पाठ्यपुस्तकात आणि शिक्षकांच्या वहीत जे आहे तेच तिनं व्याकरणाच्या प्रश्नात लिहावं, मार्क त्याचे आहेत. निबंधात आणि पत्रलेखनात वाक्य अनेकवचनातच सुरू करायची सवय लावा, ‘अ स्टुडंट’ऐवजी ‘स्टुडंट्स’, म्हणजे तपासणारा जुन्या वळणाचा असो की नव्या, पेन उचलणार नाही. पत्राच्या सुरुवातीला नुसतं ‘डिअर सर’ लिहायची खोड असेल तर ती आत्ताच मोडा. मुख्याध्यापक बाई असल्या तर ते फारच विचित्र दिसतं. बाकी, परीक्षा संपल्यावर एखाद्या दुपारी तिला शेक्सपिअरचं ते वाक्य आणि तुमचं रेन अँड मार्टिन शेजारी शेजारी ठेवून दाखवा. तुमच्या ज्युनिअरशी झाला तोच वाद घरी पुन्हा रंगेल, फक्त या खेपेला तुम्ही कुठल्या बाजूनं बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.